पावती उरली, घर गेले

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की मुंबईत एक यादी प्रसिद्ध होते. दक्षिण आणि मध्य मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक ठरलेल्या इमारतींची ती यादी असते. वृत्तपत्रांत ती कोठेतरी आतल्या पानावर छापली जाते, आणि त्या त्या इमारतीच्या जिन्यात नोटीस चिकटवली जाते. रहिवाशांनी जागा तातडीने रिकामी करावी, संक्रमण शिबिरात जावे किंवा आपली पर्यायी व्यवस्था करावी, असा तिचा आशय असतो. ज्यांच्यासाठी ती लिहिलेली असते, त्यांपैकी बहुतेकांनी भाडे थकवलेले नसते. मालकाने त्यांच्याविरुद्ध खटला जिंकलेला नसतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा हक्क शाबूत असतो. तरीही सामान बांधावे लागते.

भाड्याच्या घरातून कुटुंबे बाहेर का पडतात, या प्रश्नाचे आपल्याकडचे सर्वसाधारण उत्तर ठरलेले आहे. एक तर भाडेकरूने भाडे दिले नसेल किंवा मालक दुष्ट असेल. चित्रपटांनी आणि कौटुंबिक मालिकांनी हे उत्तर पक्के करून टाकले आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मुंबईत भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी न्यायालयाच्या हुकमाची गरज फारशी पडत नाही. जुन्या भाडेकरूच्या बाबतीत इमारतीचे आयुष्य संपते आणि नव्या भाडेकरूच्या बाबतीत कराराचे. दोन्ही ठिकाणी घर जाते, पण 'निष्कासन' असा शब्द कोणत्याही दप्तरात उमटत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बोलण्यात आपण ज्या दोघांना 'भाडेकरू' म्हणतो, ते कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या जातीचे प्राणी आहेत. एकाकडे भाडेपावती असते. तो बहुधा चाळीत किंवा पागडीच्या इमारतीत राहतो, त्याचे भाडे नाममात्र असते आणि त्याचे संरक्षण, कागदावर तरी, जबरदस्त असते. दुसऱ्याकडे अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असतो. तो बाजारभावाने भाडे भरतो आणि त्याला जवळजवळ कोणतेच संरक्षण नसते. पहिल्याचे हक्क फार मोठे झाले म्हणून दुसऱ्याचे हक्क नाहीसे झाले, हा या शहराच्या घरबांधणीचा अर्धा इतिहास आहे.

तो इतिहास पहिल्या महायुद्धापासून सुरू होतो. मुंबईत भाड्यावर पहिले नियंत्रण आले ते १९१८ मध्ये. दुसरे महायुद्ध सुरू होताच पुन्हा निर्बंध आले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणित भाडे, आणि त्यानंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाणित भाडे, असा त्याचा गाभा होता. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, जागांची चणचण भयंकर होती. अशा वेळी तो कायदा केला नसता तर गिरणगावातला कामगार आणि गिरगावातला कारकून रस्त्यावर आला असता. तेव्हा तो कायदा चूक होता, असे आज आरामात बसून म्हणणाऱ्यांशी सहमत होणे कठीण आहे. चूक झाली ती नंतर. तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षे चालला आणि त्यातले भाडे मात्र गोठलेलेच राहिले.

याचे परिणाम दोन झाले. मालकाला इमारतीत रस उरला नाही. रस उरला तो तिच्याखालच्या जमिनीत. आणि भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे हा व्यवसायच शहरातून संपला. पूर्वी शेटजी लोक चाळी बांधीत, भाडे हेच त्यांचे उत्पन्न असे. पुढे बांधायचे ते विकण्यासाठीच, असा दंडक झाला. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत देशातील शहरांचा आकडा दिला आहे. १९६१ मध्ये भाड्याच्या घरांचे प्रमाण ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. लोकांकडे पैसा आला, कर्जे सोपी झाली, ही कारणेही त्यामागे आहेत. पण भाड्याने देणे हा आतबट्ट्याचा धंदा झाला, हे कारण त्यांत लहान नाही.

भाडे गोठले तेव्हा बाजाराने आपली वाट शोधली, तिचे नाव पागडी. जागेच्या किमतीचा मोठा भाग आधी रोख द्यायचा आणि पुढे नाममात्र भाडे भरत राहायचे. जागा दुसऱ्याला देताना मालकाचा वाटा, साधारण तृतीयांश, हाही व्यवहाराचा अलिखित नियम झाला. म्हणजे पागडीचा भाडेकरू हा धड मालक नाही आणि धड भाडेकरूही नाही. त्याने किंमत मोजली आहे, पण त्याच्या नावावर भिंतही नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पन्नास वर्षे भाडे एका ठिकाणी खिळवून ठेवणे आता अवाजवी आणि मनमानी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडी कायदेशीर केली, बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असणाऱ्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले, आणि घरमालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. चार टक्के ऐकायला बरे वाटतात. दरमहा शंभर रुपये भाड्याच्या खोलीचे भाडे या हिशेबाने पंचवीस वर्षांनी सुमारे २६७ रुपये होते. एवढ्या पैशांत मालकाने इमारत सांभाळावी अशी अपेक्षा करणे हा विनोद आहे.

याच कायद्यातील दुसरी एक तरतूद पाहण्यासारखी आहे. घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नाही तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात वळती करण्याची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. शंभर रुपये भाडे असेल तर वर्षाचे बाराशे आणि त्याचा चौथा हिस्सा तीनशे रुपये. आजच्या भावाने तेवढ्यात सिमेंटची एक गोणी मिळाली तरी नशीब. गळणारे छत, कुजलेले लाकडी वासे, शौचालयाच्या भिंतीतून झिरपणारे पाणी हे सर्व या तीनशे रुपयांत बसवायचे. हक्क आहे, पण त्याचे मोल गोणीभर सिमेंटही नाही.

इमारती कोसळू लागल्यावर सरकारला हे उमगले होते. म्हणूनच १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला, भाडेकरूंवर आणि मालकांवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती करण्याची जबाबदारी मंडळाने घेतली. पुढे हे मंडळ 'म्हाडा'त विलीन झाले. सुरुवातीला १९ हजार ६४२ इमारती उपकराखाली होत्या. त्यांतील १६ हजार ५०२ तर १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. एवढ्या म्हाताऱ्या इमारतींना टेकू देत राहणे हेच मंडळाचे अर्धशतकाचे काम झाले. त्यात खर्चाची कमाल मर्यादा असते. दुरुस्तीचा खर्च तिच्या पलीकडे जाणार असेल तर इमारत दुरुस्तीयोग्य नाही असे ठरते. मग टेकू, मग नोटीस. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात, जुलै २०१९ मध्ये डोंगरीत आणि जुलै २०२० मध्ये फोर्टमध्ये इमारती कोसळल्या आणि माणसे दगावली. त्यामुळे धोकादायक इमारत रिकामी करू नका असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न रिकामी करण्याचा नाही. रिकामी केल्यावर काय, याचा आहे.

येथे कायदा भाडेकरूच्या बाजूने बोलतो, हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. बांधकाम गेले तरी जमिनीवरील त्याचा हक्क उरतो. हा निकाल महत्त्वाचा आहे. पण हक्क उरणे आणि रात्री पाठ टेकायला जागा असणे या दोन गोष्टी एक नाहीत. पाडलेल्या इमारतीचा भाडेकरू हा हक्क घेऊन वर्षानुवर्षे वाट पाहतो. संक्रमण शिबिर मिळालेच तर ते बहुधा उपनगरात. लालबागचे मूल गोरेगावला गेले की त्याची शाळा बदलते, आईची घरकामे सुटतात, आणि शेजारपाजाराच्या जिवावर चालणारे म्हाताऱ्या माणसाचे औषधपाणी अडते. शिबिरात दोन-दोन पिढ्या काढलेली कुटुंबे आहेत. ज्यांच्या मूळ जागी नवी इमारत उभी राहू शकत नाही, त्यांची म्हाडाकडे 'बृहत्सूची' असते. या यादीत नाव लागावे म्हणून लोक जुनी पावती, जुने वीजबिल, रेशनकार्ड पिशवीत घालून हिंडत असतात. लेखाच्या शीर्षकातली पावती ती हीच.

पुनर्विकासाने हे चक्र तुटेल असे सांगण्यात आले. विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या तरतुदीने बिल्डरला जादा चटईक्षेत्र मिळते आणि भाडेकरूला मालकी हक्काचे घर. योजना कागदावर उत्तम आहे आणि अनेक इमारतींत ती सुरळीत पारही पडली आहे. गिरगावात, दादरला, लालबागला मनोरे उभे आहेत आणि त्यांत जुने भाडेकरू राहत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र या व्यवस्थेत एक मेख आहे. पूर्वी ७० टक्के आणि आता ५१ टक्के रहिवाशांची संमती मिळाली की उरलेल्यांनी जागा सोडणे बंधनकारक असते आणि न सोडल्यास म्हाडाला त्यांना थेट बाहेर काढता येते. बहुमताचा निर्णय अल्पमतावर बांधील असावा, हे तत्त्व म्हणून ठीक आहे. पण जागा सोडताना भाडेकरूच्या हातात असते ते फक्त बिल्डरचे वचन आणि काही महिन्यांच्या भाड्याचे धनादेश. धनादेश वटणे थांबले की तो दोन घरांचा कोणीही उरत नाही. पाडलेल्या घराचा नाही आणि ज्याचे भाडे आता भरता येत नाही त्या घराचाही नाही.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील पत्राचाळीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तेथे ६७२ भाडेकरू होते आणि त्यांची मालक खुद्द म्हाडा होती. २००८ मध्ये त्रिपक्षीय करार झाला, लोकांनी घरे सोडली, पुढे बिल्डरकडून मिळणारे भाडे बंद पडले. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला आणि २०२२ मध्ये काम स्वतःकडे घेऊन पुन्हा सुरू केले. मधल्या काळात सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे पत्राचाळ हे नाव रोज दूरचित्रवाणीवर होते. त्या गदारोळात कोणाला अटक झाली याची चर्चा झाली, त्या ६७२ कुटुंबांनी तेवढी वर्षे भाडे कोठून भरले याची फारशी झाली नाही.

याच्या शेजारी वरळीच्या बीडीडी चाळी ठेवून पाहाव्यात. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधलेल्या या चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्यांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. येथील भाडेकरू अधिक नशीबवान का? तेही तेवढेच जुने, तेही तेवढेच गरीब. पण त्यांची जमीन सरकारची होती, बांधकामाचा पैसा सरकारी यंत्रणेने उभा केला आणि मतदारही एकगठ्ठा होते. खासगी मालकाच्या तीन मजली इमारतीतील बारा भाडेकरूंना यांपैकी एकही गोष्ट उपलब्ध नसते. आपल्याकडे भाडेकरूचे भवितव्य त्याने काय केले यावर ठरत नाही. त्याच्या जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे यावर ठरते.

खासगी इमारतींसाठीही काही केले गेले नाही असे नाही. म्हाडा कायद्यातील दुरुस्तीला २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीनुसार धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यावा, त्याने न दिल्यास रहिवाशांना संधी मिळावी आणि त्यांनाही न जमल्यास म्हाडाने इमारत ताब्यात घ्यावी. त्याखाली निघालेल्या नोटिसांना मालकांनी आव्हान दिले आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या काढण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतले. त्याआधी, ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असा निर्णय दिला. हा वाद मुळात मुंबईच्या उपकरप्राप्त इमारती मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन संपादित करण्याच्या तरतुदीवरूनच उभा राहिला होता, हे पुष्कळांच्या लक्षात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पागडी इमारतींसाठी स्वतंत्र नियमावलीची घोषणा केली. घोषणांची कमतरता या क्षेत्रात कधीच नव्हती.

इमारत धडधाकट असली तरी घर जाण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि त्याची वाच्यता कमी होते. तो मार्ग कागदाचा. भाडेपावती आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते. कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला संरक्षण आहे. पण मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंब एका खोलीत मावेनासे झाले तेव्हा मुलगा डोंबिवलीला गेला, दुसरा विरारला; गिरगावातल्या खोलीत आई-वडील राहिले. वडील गेले, काही वर्षांनी आई गेली. आता त्या वेळी 'बरोबर' कोण राहत होते? नातू कॉलेज जवळ म्हणून राहत होता, पण त्याचे आधारकार्ड डोंबिवलीचे. लग्न झालेली मुलगी आईच्या आजारपणात दोन वर्षे येऊन राहिली होती, पण तिच्या नावाने एकही कागद नाही. दुसरे कारण जागा न वापरण्याचे. सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा बंद राहिली तर मालकाला ताबा मागता येतो. मग वीजबिलातले युनिट, दुधाचा रतीब, शेजाऱ्याची साक्ष यांवर लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे उलटतपासणी चालते. कुलूप लावून उपनगरात गेलेल्या कुटुंबाला जागा अडवून धरण्याचा हक्क असावा का, या प्रश्नावर मालकाची बाजू वजनदार आहे, हे येथे सांगितले पाहिजे. पण ज्या आईला मुलाकडे उपचारासाठी नेले आणि खोली आठ महिने बंद राहिली, तिचा खटला आणि सट्टेबाजाचा खटला एकाच कलमाखाली चालतो.

तिसरा प्रकार तर अगदी साधा आहे. मालक भाडे घेण्याचेच थांबवतो. पावती नाही, म्हणजे थकबाकी. थकबाकीसाठी दावा करण्यापूर्वी नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते, दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत व्याजासह पैसे भरले की ताबा वाचतो. जाणता भाडेकरू मनीऑर्डर पाठवतो आणि ती नाकारून परत आली की तो कागद जपून ठेवतो. अजाण भाडेकरू मालक घेत नाही तर आपण काय करणार, असे म्हणून स्वस्थ बसतो. जुन्या चाळीत कागद जपणारा एखादा काका असला की सगळी चाळ वाचते. तो गेला की प्रत्येक जण एकटा पडतो.

पुण्याच्या पेठांत वाड्यांची कथा हीच आहे, फक्त तेथे दुरुस्ती मंडळ नाही. उपकरही नाही, संक्रमण शिबिरही नाही. पालिकेची पावसाळ्यापूर्वीची नोटीस तेवढी आहे. वाडा उतरवला की भाडेकरूने पुनर्बांधणीची वाट पाहायची, आणि मालकांच्या भाऊबंदकीत वाट पाहण्याची मुदत किती हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईतला भाडेकरू निदान कोणाच्या तरी यादीत असतो.

आता दुसऱ्या भाडेकरूकडे वळू. आज पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत नोकरीसाठी आलेले कोणतेही तरुण कुटुंब या वर्गात मोडते. कायद्याने ते 'भाडेकरू' नाहीतच. त्यांना मालकाने जागा वापरण्याची परवानगी दिली आहे, एवढेच. ही परवानगीची युक्ती जुनी आहे. भाडेनियंत्रणातून सुटण्यासाठी मालक पूर्वीपासून 'लायसन्स' देत. १९७३ मध्ये सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर ताबा असणाऱ्या सर्वांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकले. त्या दिवशी जे घरात होते ते तरले. पण मालकवर्गाने त्यातून जो धडा घेतला तो पुढच्या पिढ्यांना भोवला: कोणालाही फार काळ राहू देऊ नये. १९९९ च्या कायद्याने मग उलट टोक गाठले. लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. कराराचा लेखी कागद हा निर्णायक पुरावा मानला जातो. रहिवाशाला बचाव मांडण्यासाठीही तीस दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क नुकसानभरपाई म्हणून भरावे लागते. दुप्पट भाडे भरण्याची ऐपत असलेले कुटुंब असे वाद घालीत बसत नाही आणि ऐपत नसलेले घालू शकत नाही. त्यामुळे बहुतेक जण फोन आला की निमूट निघतात.

आणि फोन येतो तो कोणत्या कारणाने? मालकाचा मुलगा परदेशातून येत असतो, सदनिका विकायची असते, नवा माणूस तीन हजार जास्त देत असतो. कारण सांगण्याचे बंधन नाही, त्यामुळे खरे कोणते हे कळण्याचा मार्गही नाही. अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली, वाढीव अनामत रक्कम, टेम्पोचे भाडे. सामान हलवताना मोडलेले कपाट वेगळे. पूर्वीची अनामत रंगकाम आणि सफाईच्या नावाखाली कापून परत येते. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेशासाठी भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे नोंदणीकृत करार मागितला जातो. घर बदलले की शाळेपासूनचे अंतर बदलते आणि अंतर बदलले की प्रवेशाचे गणित बदलते. नाव मुसलमान असेल, घरात मासळी शिजत असेल किंवा एकटी बाई मुलांना घेऊन राहत असेल, तर पुढचे घर शोधण्याचा काळ दुप्पट होतो. इतरांसाठी जी गैरसोय असते, ती त्यांच्यासाठी संकट असते.

अलीकडे यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील सहकारी सोसायट्या मोठ्या संख्येने पुनर्विकासाला जात आहेत. इमारत पाडायची ठरली की सदनिकामालकाला बिल्डरकडून मासिक भाडे, स्थलांतराचा खर्च आणि पुढे मोठे घर मिळते. त्याच सदनिकेत लायसन्सवर राहणाऱ्या कुटुंबाला मिळते ती महिनाभराची सूचना. सर्वसाधारण सभेत त्याला बसताही येत नाही. शिवाय जे मालक त्याच इमारतीत राहत होते, तेही मुलांच्या शाळा सोडवत नाहीत म्हणून त्याच परिसरात भाड्याचे घर शोधू लागतात, आणि त्यांच्या खिशात बिल्डरचा धनादेश असतो. विलेपार्ले, मुलुंड, ठाण्याचा नौपाडा येथे एका रस्त्यावर तीन सोसायट्या एकदम पाडायला निघाल्या की आसपासच्या भाड्यांचे काय होते, हे कोणत्याही इस्टेट एजंटला विचारावे. या साखळीच्या शेवटच्या कडीवर असलेले कुटुंब मग एक-दोन स्थानके पुढे सरकते.

दुसरीकडे २०१७-१८ च्या त्याच आर्थिक पाहणीत मुंबईत ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद आहे. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा हा आकडा मोठा आहे. घरे आहेत, माणसे आहेत, मध्ये भीती आहे. भाडेकरू हटणार नाही ही मालकाची भीती १९४७ ची आणि १९७३ ची आहे. १९९९ च्या कायद्याने तिला उरलेला आधारही काढून घेतला, पण ती गेली नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत घेता येणार नाही, अशी एक चांगली तरतूद आहे; बाकी त्याचा भर मालकाला धीर देण्यावरच आहे. सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधावीत, हा पर्यायही येथे आजमावून झाला. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे त्यांतली पनवेलजवळच्या कोन येथील घरे गिरणी कामगारांना सोडतीत विकण्यात आली, इतर ठिकाणची प्रकल्पग्रस्तांना आणि संक्रमण शिबिरांना गेली. गरजू तेही होतेच. पण भाड्याने देण्यासाठी म्हणून बांधलेले घरही सरकारच्या हातून अखेर मालकीचेच झाले.

जुन्या भाडेकरूचे हक्क आणखी वाढवून किंवा नव्याचे आणखी कमी करून यातून सुटका होणार नाही. नव्या करारात किमान तीन वर्षे राहण्याचा पर्याय रहिवाशाला द्यावा, भाडेवाढीचे प्रमाण आधीच ठरलेले असावे, आणि ताबा घ्यायचाच झाला तर तो शाळेच्या मधल्या सत्रात घेता येऊ नये. एवढे केले तरी मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही. पुनर्विकासात तीन वर्षांचे भाडे बिल्डरने इमारत रिकामी होण्यापूर्वी जमा केले पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसनात २०२३ पासून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेतले जाते, मग उपकरप्राप्त इमारतींतल्या भाडेकरूने वचनावर का जावे? आणि पुणे, सांगली, नाशिकच्या जुन्या पेठांना दुरुस्ती मंडळ का नको, याचे उत्तरही सरकारने एकदा द्यावे. महाराष्ट्रात प्रत्येक लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे कोणत्या वॉर्डात किती करार मुदतीनंतर पुढे चालू राहिले आणि किती घरांत पुढच्याच महिन्यात नवे नाव आले, ही माहिती नोंदणी विभागाच्या संगणकात आजही पडून आहे. ती काढून मोजायला कायदा बदलावा लागत नाही.